संगणकाचे स्थलांतर

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, मारेगाव, झरी जामणी या तालुक्यांत कोलाम लोकांची वस्ती आहे. त्यांची कोलामी ही भाषा द्राविडी कुळातील आहे. या भाषेतील कितीतरी शब्द, गाणी आणि गोष्टी कागदावर उतरलेल्या नाहीत. त्या वृद्ध माणसांच्या तोंडी आहेत. समजा, तेथील एखाद्या शाळेतील मुलांनी आपापल्या आजी-आजोबांना शाळेत बोलावून त्यांच्या तोंडची गाणी आणि झाडापाखरांची नावे ध्वनिमुद्रित केली. ते सारे ध्वनिमुद्रण शाळेच्या एकुलत्या एका संगणकात साठवून ठेवले. त्यातील एक-दोन आजीबाई आता हयातही नाहीत.

हा संगणक आता दहा वर्षांचा झाला आहे. सकाळी कळ दाबली, की प्रार्थना आटोपून मुले वर्गात येतात, तरी तो पुरता जागा झालेला नसतो. संगणक जाणणाऱ्या गुरुजींनी सांगितले, की सारे यंत्र टाकून देण्याचे कारण नाही; आतील जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी नवी सॉलिड स्टेट ड्राइव्ह बसविली, तर संगणक पुन्हा तरतरीत होईल. ही गोष्ट खरी आहे. पण जुन्या डिस्कवरील सारा संसार नव्या जागी न्यावयाचा, आणि तो नेताना आजीबाईंचा एक शब्दही गळू द्यावयाचा नाही, हे कसे साधावे? या पाठात आपण त्याचाच विचार करू.

प्रथम दोन गोष्टी नीट समजून घेऊ या. संगणकात आपण लिहिलेले लेख, काढलेली चित्रे आणि साठविलेले आवाज असतात. ही आपली मालमत्ता होय. या मालमत्तेखेरीज संगणकात आणखी एक मोठी व्यवस्था असते. कळफलकावर कोणते अक्षर दाबले ते ओळखणे, पडद्यावर ते उमटविणे, छपाईयंत्राला हुकूम देणे, कोणती वस्तू कोठे ठेवली आहे याची नोंद राखणे, ही सारी कामे ती व्यवस्था करते. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कार्यप्रणाली असे म्हणतात. विंडोज, लिनक्स ही कार्यप्रणालींची नावे तुम्ही ऐकली असतील. कार्यप्रणालीवाचून संगणक म्हणजे गृहिणीवाचून घर. भिंती असतात, पण चूल पेटत नाही.

कार्यप्रणाली आणि आपली मालमत्ता ही दोन्ही संगणक बंद असतानाही टिकून राहावी लागतात. ती ज्या भांडारात राहतात, ते भांडार पुष्कळ वर्षे हार्ड डिस्क हेच होते. जगातील पहिली हार्ड डिस्क १९५६ साली अमेरिकेतील आयबीएम या कंपनीने तयार केली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, तिचे वजन सुमारे एक टन होते, आणि तिच्यात अवघी ५० लाख अक्षरे मावत. आज तुमच्या तळहातावर राहील एवढ्या डिस्कमध्ये त्याच्या लाखपट मजकूर मावतो. तत्त्व मात्र तेच राहिले आहे. चुंबकीय थर दिलेली तबकडी वेगाने फिरते आणि एक चिमुकली भुजा तिच्यावरून मागेपुढे सरकत मजकूर लिहिते व वाचते. पुष्कळशा डिस्कमधील तबकडी एका मिनिटात ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका सेकंदात १२०. भुजेच्या टोकाचे वाचकयंत्र तबकडीला टेकत नाही; केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर ते तरंगत असते. म्हणूनच चालू संगणकाला धक्का बसला, तर हार्ड डिस्कला इजा होण्याचा संभव असतो.

येथेच जुन्या संगणकाच्या मंदपणाचे एक मोठे कारण सापडते. हवा असलेला मजकूर तबकडीच्या ज्या भागावर असेल, तेथवर भुजा जावी लागते आणि तो भाग फिरत तिच्याखाली यावा लागतो. यात सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग जातो. तुम्ही म्हणाल, एवढासा वेळ तो काय! परंतु संगणक सुरू होताना असे हजारो तुकडे निरनिराळ्या जागांहून गोळा करावे लागतात. थेंबे थेंबे तळे साचे, तसा हा वेळ साचत जातो.

सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये, म्हणजे एसएसडीमध्ये, तबकडीही नाही आणि भुजाही नाही. तिच्यात फ्लॅश जातीच्या स्मृतीचे तुकडे असतात. या स्मृतीचा शोध जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी लावला आणि १९८४ साली तो जगापुढे मांडला. तिच्या अंगी अब्जावधी अतिसूक्ष्म कोठड्या असतात. प्रत्येक कोठडीभोवती वीज वाहू न देणाऱ्या पदार्थाचे कुंपण असते. त्या कुंपणाआड विजेचे कण कोंडले, की वीज बंद केल्यावरही ते तेथेच राहतात. कोठडीत किती भार आहे, यावरून मजकूर ओळखला जातो. येथे कोणताच भाग हलत नसल्यामुळे मजकूर शोधावयास हार्ड डिस्कच्या मानाने सुमारे शंभरावा हिस्सा वेळ पुरतो. धक्क्याचे भयही कमी.

आता संगणकात नेमके काय बदलावयाचे आणि काय नाही, ते पाहू. यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी शकुंतला नावाची छोटी आगगाडी पुष्कळ वर्षे धावत असे. १९९४ साली तिचे वाफेचे इंजिन जाऊन तेथे डिझेलचे इंजिन आले. रूळ तेच, स्थानके तीच, उतारूही तेच. बदलले ते केवळ इंजिन. मात्र हे नवे इंजिन कोणतेही आणून चालले नसते. त्या मार्गाच्या दोन रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर होते आणि मोठ्या मार्गाचे १,६७६ मिलिमीटर असते. इंजिन त्या अरुंद रुळांना साजेल असेच हवे होते. संगणकाचेही तसेच आहे. जुन्या संगणकात बहुधा साटा जातीची जोडणी असते. तिला अडीच इंची चपटी एसएसडी बसते. नव्या संगणकांत एम.२ नावाच्या पातळ पट्टीची सोय असते, आणि त्या पट्ट्यांतही दोन जाती आहेत. दिसावयास सारख्या, पण संगणकाशी बोलण्याची त्यांची रीत निराळी. म्हणून आपल्या संगणकात कोणती जोडणी आहे, हे पाहिल्यावाचून एसएसडी विकत घेऊ नये.

दुसरी काळजी मापाची. जुनी हार्ड डिस्क ५०० गीगाबाइटची असेल आणि दुकानात ४८० गीगाबाइटची एसएसडी मिळत असेल, तर हा वीसाचा फरक क्षुल्लक वाटतो. जुन्या डिस्कवर प्रत्यक्षात १२० गीगाबाइटच मजकूर असेल, तर जागेची चिंता नाही असेही वाटते. पण प्रत काढणाऱ्या कित्येक आज्ञावली रिकाम्या जागेसकट सारी डिस्क मोजतात आणि लहान डिस्कवर प्रत उतरविण्यास साफ नकार देतात. अशा वेळी जुन्या डिस्कवरील विभाग आधी आवळून लहान करावे लागतात, आणि ते काम नाजूक असते. त्यापेक्षा नवी एसएसडी जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी घेणे हे नवशिक्यास हिताचे.

आता कोणी विचारील, की यात अवघड ते काय? जुन्या डिस्कवरील सर्व फायली उचलून नव्या डिस्कवर ठेवाव्यात, म्हणजे झाले! आपली मालमत्ता अशी नेता येते. कार्यप्रणाली मात्र नेता येत नाही. याचे कारण असे. कळ दाबल्याबरोबर संगणकाच्या मुख्य फलकावरील एक छोटी आज्ञावली जागी होते. ती डिस्कच्या एका ठराविक विभागात जाऊन कार्यप्रणाली सुरू करण्याच्या सूचना शोधते. हा विभाग सहसा दृष्टीस पडत नाही. डिस्कवर कोणकोणते विभाग आहेत, याची एक अनुक्रमणिकाही डिस्कच्या आरंभी असते. आपण केवळ फायली उचलल्या, तर हा लपलेला विभाग आणि ती अनुक्रमणिका मागेच राहतात. शिवाय चालू असलेल्या कार्यप्रणालीच्या कित्येक फायली ती स्वतःच वापरीत असते. त्या अशा रीतीने उचलता येत नाहीत. मग नवी डिस्क बसविल्यावर संगणक आरंभाच्या सूचना शोधतो, त्या सापडत नाहीत, आणि काळ्या पडद्यावर एक ओळ उमटवून तो स्वस्थ बसतो.

म्हणून स्थलांतराच्या दोन रीती आहेत. पहिली रीत म्हणजे नव्या एसएसडीवर कार्यप्रणाली नव्याने स्थापन करावयाची आणि मागाहून आपल्या फायली तेथे आणावयाच्या. यात जुनी अडगळ मागे राहते. परंतु सगळ्या आज्ञावली पुन्हा बसवाव्या लागतात. दुसरी रीत म्हणजे सबंध डिस्कची हुबेहूब प्रत काढावयाची. लपलेले विभाग, अनुक्रमणिका, फायली, सारे जसेच्या तसे नव्या जागी उतरते. या कामासाठी क्लोनझिला नावाची एक मोफत आज्ञावली प्रसिद्ध आहे. ती तैवानमधील संगणकतज्ज्ञांनी तयार केली आहे.

पहिली रीत पत्करणाऱ्या मराठी माणसाने एक गोष्ट विसरू नये. आज आपण युनिकोड पद्धतीने मराठी लिहितो. तो मजकूर कोणत्याही संगणकावर वाचता येतो. पण पूर्वी श्रीलिपी आणि तशाच इतर आज्ञावलींच्या साहाय्याने टंकलेखन होत असे, आणि त्यातील पुष्कळसा मजकूर विशिष्ट फॉन्टवर, म्हणजे अक्षरांच्या विशिष्ट साच्यावर अवलंबून असे. तो फॉन्ट नव्या कार्यप्रणालीत नसला, तर शाळेच्या जुन्या निकालपत्रकातील 'प्रगती' हा शब्द इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी होऊन दिसतो. मजकूर नष्ट झालेला नसतो, पण तो वाचता येत नाही. म्हणून जुने फॉन्ट आधीच बाजूला काढून जपावेत.

यापुढचा नियम साऱ्या पाठाचा गाभा आहे. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर हे गाव आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभट यांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' हा ग्रंथ लिहिला. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, असे महानुभाव परंपरा सांगते. तेव्हा अनुयायांनी आपापल्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा सिद्ध केला. त्यामुळे त्याचे निरनिराळे पाठ आज आढळतात. ज्यांना तो ग्रंथ मुखोद्गत होता, अशी माणसे होती म्हणून तो वाचला. आपल्या शाळेतील ध्वनिमुद्रणाला असा आधार नाही. ज्या आजीबाई गेल्या, त्यांचा आवाज पुन्हा कोण काढणार? तेव्हा स्थलांतराला हात घालण्यापूर्वी मौल्यवान फायलींची आणखी एक प्रत तिसऱ्याच ठिकाणी, म्हणजे बाहेरून जोडावयाच्या वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी. ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी आणि मगच पुढचे काम करावे. जुनी डिस्क टकटक असा आवाज करीत असेल किंवा वारंवार अडखळत असेल, तर ती शेवटचे श्वास मोजीत आहे असे समजावे. अशा वेळी प्रथम अत्यंत मौल्यवान फायली वाचवाव्यात. बाकीचे सारे मागाहून.

काही संगणकांतील मजकूर कुलूपबंद असतो. विंडोजमधील अशा कुलपाला बिटलॉकर म्हणतात, आणि ते अडले तर उघडण्यासाठी ४८ आकडी किल्ली लागते. डिस्क बदलल्यावर संगणक ही किल्ली मागण्याचा संभव असतो. म्हणून ती आधीच कागदावर उतरवून घ्यावी. ती त्याच संगणकात लिहून ठेवणे म्हणजे पेटीची किल्ली पेटीत टाकून पेटी लावण्यासारखे होय.

एवढी सिद्धता झाल्यावर गुरुजींच्या किंवा जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली कामास आरंभ करावा. नवी एसएसडी एका जोडतारेने संगणकाच्या यूएसबी खोबणीत बसविता येते. प्रत काढणारी आज्ञावली आता दोन प्रश्न विचारते. मजकूर कोठून घ्यावयाचा आणि कोठे लिहावयाचा? या दोन उत्तरांची अदलाबदल झाली, तर कोऱ्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सर्वस्व पुसले जाते. या कामातील सर्वांत घातक चूक हीच. म्हणून डिस्कचे नाव आणि तिचे माप ही दोन्ही कागदावर लिहून घ्यावीत, पडद्यावरील नावांशी ती ताडून पाहावीत, आणि दुसऱ्या एका मित्राकडून मोठ्याने वाचवून घ्यावीत. मगच होकाराची कळ दाबावी.

प्रत निघण्यास किती वेळ लागेल? त्याचे गणित सोपे आहे. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट वाचीत असेल आणि मजकूर १२० गीगाबाइट असेल, तर १,२०० सेकंद, म्हणजे २० मिनिटे लागतील. प्रत्यक्षात याच्या दुप्पट-तिप्पटही वेळ जातो. एवढा वेळ वीज अखंड राहावी लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि वळवाचा वारा सुटला की वीज जाते. म्हणून हे काम सकाळच्या गार वेळी करावे. संगणकाला यूपीएस जोडलेला असावा; लॅपटॉप असेल तर त्याची बॅटरी भरलेली असावी. तरीही मध्येच वीज गेली, तर घाबरू नये. नुसती प्रत काढताना मूळ डिस्क केवळ वाचली जाते, तिच्यावर काही लिहिले जात नाही. अर्धवट प्रत पुसून पुन्हा आरंभ करता येतो.

प्रत पूर्ण झाली, की संगणक बंद करून विजेची तार काढावी. अंगात साठलेली स्थिर वीज या नाजूक भागांना बाधते. म्हणून आतील भागास हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. मग जुनी डिस्क काढून नवी बसवावी. पहिल्यांदा संगणक सुरू करताना जुनी डिस्क जोडलेली नसावी. हुबेहूब प्रतीत डिस्कची ओळखखूणही तीच उतरलेली असते; एकाच नावाची दोन मुले वर्गात उभी राहिली तर हजेरी घेणाऱ्याचा गोंधळ होतो, तसाच संगणकाचाही होतो.

पडदा उजळला आणि ओळखीचे चित्र दिसले, म्हणजे काम संपले असे मात्र समजू नये. पूर्वी पोथीची नक्कल करणारा मनुष्य मूळ पोथी पुढे ठेवून ओळ न् ओळ ताडून पाही. आपणही तसेच करावे. फायलींची संख्या जुन्या संख्येशी जुळते का? निकालपत्रकातील मराठी अक्षरे नीट दिसतात का? छपाईयंत्र हुकूम ऐकते का? आणि आजीबाईंचे प्रत्येक गाणे पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकू येते का? फायलीचे नाव दिसणे निराळे आणि तिच्यातील आवाज शाबूत असणे निराळे. पंधरा दिवस, महिनाभर नवी डिस्क नित्याच्या कामात वापरून पाहावी, आणि तोवर जुनी डिस्क न पुसता जपून ठेवावी. जुन्या डिस्कवरील खाजगी माहिती पुसण्याची वेळ त्यानंतरची. पुढे ती निकामी झाली, तर कचऱ्यात न टाकता जुनी विद्युत उपकरणे गोळा करणाऱ्या केंद्राकडे द्यावी.

नवी एसएसडी आली म्हणून दुसऱ्या प्रतीची गरज संपत नाही. हार्ड डिस्क पुष्कळदा आवाज करून आपल्या दुखण्याची सूचना देते. एसएसडी मात्र कधी कधी काही न सांगता एकाएकी बंद पडते. तिच्यावरून पुसलेला मजकूर परत मिळविणेही फार कठीण असते. शिवाय तिला वर्षानुवर्षे वीज न देता तापलेल्या खोलीत ठेवले, तर कोठड्यांतील भार हळूहळू ओसरू लागतो. म्हणून मौल्यवान वस्तूंच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या जातींच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक शाळेच्या इमारतीबाहेर असावी, असा जाणत्यांचा संकेत आहे.

मुलांनो, या साऱ्या खटाटोपात यंत्राचे ज्ञान थोडे आणि सावधपणा अधिक लागतो. शहाणा शेतकरी नव्या वाणाचे पीक हाती येईपर्यंत घरचे बियाणे संपवीत नाही. नवी प्रत तपासून खरी ठरेपर्यंत मूळ प्रतीला धक्का लावू नये, हा नियमही तसाच आहे. तो पाळला, तर शाळेचा संगणक प्रार्थना सुरू होण्यापूर्वीच जागा होईल, आणि ज्या आजीबाई आज नाहीत, त्यांची गाणी त्यांची पतवंडेही ऐकतील.